पहिल्या बाकावरचा गिलास

"यात ओत."

हेडमास्तरांनी कोटाच्या खिशातून स्टीलचा छोटा गिलास काढला आणि माझ्यापुढे धरला. माझ्या हातात प्रभुभोजनाचा प्याला होता. अंगावर नवाकोरा पांढरा झगा. पाळक म्हणून दीक्षा मिळून आठ दिवस झाले होते आणि मी देत होतो ते हे पहिलंच प्रभुभोजन. सगळ्या मंडळीने एकाच प्याल्याला ओठ लावायचे, म्हणजे आपण सारे एका देहाचे, असा त्याचा अर्थ. हाच अर्थ मी दहा मिनिटांपूर्वी घसा ताणून सांगितला होता.

"सर?" मी म्हटलं.

"ओत म्हटलं ना. लोक थांबून आहेत."

‘तू’ म्हणाले मला. भर चर्चमध्ये. झग्यातल्या पाळकाला.

मी ओतलं.

थोडं त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, गिलास रिकामा केला, रुमालाने पुसला आणि परत खिशात ठेवला. शेजारी त्यांचा भाऊ बसला होता. त्याच्या बायकोने पदराआडून चांदीची वाटी काढली. म्हणजे हे घरून ठरवून आले होते. मी वाटीतही ओतलं. मग प्याला घेऊन मागे मागे जात राहिलो.

माझ्याआधीचे पाळक चांगल्या घराण्यातले होते. त्यांच्या हातून हेडमास्तर वर्षानुवर्षं याच प्याल्यातून प्यायले. तेव्हा उष्ट्याचा, आरोग्याचा प्रश्न कधी निघाला नाही. प्याला पहिल्या बाकावरून निघायचा आणि शेवटी आमच्या वस्तीच्या बाकांवर पोचायचा, त्यामुळे आमचे ओठ त्यांच्या ओठांच्या आधी कधीच लागत नव्हते. सोय उत्तम होती. गडबड झाली ती मी पाळक झालो म्हणून. आता प्याल्याला पहिला हात मांगाचा.

लाखांदूरच्या रस्त्यावर आमचं बाजाराचं गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. गावाच्या कडेला मिशनची शाळा, होस्टेल, चर्च आणि चर्चला लागून पाळकाचं घर. हेडमास्तर त्याच शाळेतून निवृत्त झालेले आणि चर्चच्या कमिटीचे प्रमुख. त्यांचे आजोबा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घराण्यातले. ख्रिस्ती झाले ते जमिनीसकट. हेडमास्तर अभिमानाने सांगायचे, "आम्ही धर्म बदलला, घराणं नाही बदललं." लोक हसायचे. मीही हसायचो. मला त्यांनीच अ आ शिकवलं होतं.

माझा बाप लग्नाकार्यात डफडं वाजवायचा. मी त्याच्याबरोबर जायचो. मांडवाच्या बाहेर उभं राहायचं, वरात आली की वाजवायचं, आणि सगळ्यांची जेवणं झाली की पत्रावळीवर वरून टाकतील ते खायचं. त्यात काही वाईट आहे असं मला वाटायचंही नाही. पोट भरत होतं.

मग एकदा आसगावकडून एक ख्रिस्ती प्रचारक सायकलवर आला. घामाघूम झालेला. आमच्या दारात सायकल टेकवली, बापाच्या खाटेवर बसला आणि मायला म्हणाला, "बाई, पाणी द्या." माय घाबरली. आमच्या घरचं पाणी चालेल का, असं तिने तीनदा विचारलं. तो आमच्या मडक्यातलं पाणी आमच्या लोट्यानं प्यायला आणि म्हणाला, "आणखी एक." बस. इतकंच. देवाचं तो काय बोलला ते मला आठवत नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की आपण या माणसासारखं व्हायचं. पुढे आम्ही ख्रिस्ती झालो आणि मी पाळकांच्या शाळेत, सेमिनरीत गेलो; तिथे लोक आपापल्या पाचारणाच्या, देवाने बोलावल्याच्या गोष्टी सांगायचे. कुणाला स्वप्न पडलेलं, कुणाला आवाज ऐकू आलेला. मला एक माणूस आमच्या घरचं पाणी पिताना दिसला होता, एवढंच माझं पाचारण. मी ते लाजून कुणाला सांगितलं नाही.

तर त्या पहिल्या रविवारी मी मागच्या बाकाशी पोचलो. तिथे माय बसली होती. बाप तोवर गेला होता, ती माझ्याकडेच राहायची. नवं लुगडं नेसून, लेक पाळक झाला म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. मी प्याला तिच्यापुढे केला. तिने तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

घरी आल्यावर विचारलं, "माय, काहून नाई घेतलं?"

ती तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही.

"बाबू, तो सायकलवाला आपल्या घरी आला होता, तं त्यानं काय मांगतलं होतं?"

"पाणी."

"कोनाच्या भांड्यात पेला तो?"

"आपल्या."

"मंग तूनं काहून वतलं?"

मी बरंच बोललो. नवा आहे, लोक मोठे आहेत, हळूहळू बदलतील, प्रेमानं जिंकायचं असतं. सेमिनरीत शिकलेलं सगळं तिच्यापुढे मांडलं. तिने ऐकून घेतलं. मग सूप झटकून उठली आणि चुलीकडे गेली.

पुढच्या महिन्यात पहिल्या दोन बाकांवर सात-आठ गिलास होते. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. मग कमिटीने ठराव केला. आरोग्याच्या दृष्टीने पुढच्या बाकांसाठी काचेच्या छोट्या पेल्यांचा ट्रे आणावा, आणि मागच्या बाकांसाठी परंपरा जपण्याच्या हेतूने एकच प्याला चालू ठेवावा. आरोग्य त्यांचं, परंपरा आमची. हा ठराव व्यासपीठावरून वाचला कोणी? मी. आणि पुढच्या रविवारी स्वच्छतेवर अर्धा तास उपदेशही दिला. आजही तो उपदेश आठवला की मला माझीच शिसारी येते.

तेव्हा आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. त्यानंतर सात वर्षं असंच चाललं.

कोणी विचारेल, सात वर्षं गप्प का बसलास? घर चर्चचं होतं. पगार कमिटीच्या हातात. दोन लेकरं शाळेत. हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की मला माझा भित्रेपणा हाच माझा सद्गुण वाटत होता. कोणाला दुखवायचं नाही, ही माझी सेवेची पद्धत आहे असं मी सांगत फिरायचो. आजाऱ्याच्या खाटेजवळ रात्रंदिवस बसायचो. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीत असायच्या, तर बांधावर उभं राहून प्रार्थना म्हणायचो. वस्तीतल्या कोणाच्याही घरी चटणी-भात खायचो. तिथे मी वाघ. आणि पहिल्या बाकासमोर मांजर. बौद्ध झालेले शेजारी चिडवायचे, "काय पाद्रीबाबा, तुमच्या देवाच्या घरी बी दोन दरवाजे हायेत म्हंतात?" मी हसून सायकल पुढे काढायचो. दुसरं काय करणार होतो?

माय दर रविवारी यायची. गाणी म्हणायची, मोठ्यानं, सूर सोडून. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्याला आला की तोंडाला पदर. सात वर्षांत एकदाही चुकलं नाही. वाद नाही, रुसवा नाही. माझ्या हातचा चहा घ्यायची, आजारपणात माझ्या हातून गोळ्या घ्यायची. पण ते एक घ्यायची नाही. सगळ्या मंडळीला मी प्रभुभोजन देत होतो आणि माझ्या स्वतःच्या मायला देऊ शकत नव्हतो. आदल्या शनिवारी बायको प्याल्यासाठी मनुका उकळून रस गाळायची तेव्हा दरवेळी मनात यायचं, उद्या घेईल. उद्या नक्की घेईल.

धान कापणीच्या दिवसांत मायला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाला, आता जास्त दिवस नाहीत. मी चर्चमधून प्याला आणला. तिच्या उशाशी बसलो. प्रार्थना केली. मग तिच्या मानेखाली हात घातला आणि प्याला ओठांजवळ नेला.

तिने ओठ मिटले.

"माय," मी म्हटलं, "आता तं घे वं. आता कायले?"

तिला बोलायला फार त्रास होत होता. एक एक शब्द ओढून काढत होती.

"तुया हातचा भात खाईन मी," ती म्हणाली. "हे नाई."

मी रडलो. हात जोडले. चूक झाली म्हटलं. तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. राग नव्हता तिला. तेच मला सहन होईना. रागावली असती तर भांडता आलं असतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. मिटलेल्या ओठांनी गेली.

मातीला हेडमास्तर आले. फुलं आणली. चार शब्द बोलले. "मोठी विश्वासू बाई होती," म्हणाले. आणि मी मान डोलावली. मायच्या मातीवर उभं राहून मी त्या माणसापुढे मान डोलावली, कारण मानेला तीच सवय होती.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. सेवक नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन आला. काचेचे पेले ओळीनं मांडलेले, भरलेले. मी त्याला म्हटलं, "आत ठेवून ये." त्याला कळलंच नाही. मीच ट्रे उचलला आणि आतल्या खोलीत टेबलावर ठेवून आलो. काही ठरवून केलं असं म्हणणार नाही. फक्त हात ते करायला तयार नव्हते.

प्याला घेऊन पहिल्या बाकाशी गेलो. हेडमास्तरांपुढे धरला.

"ट्रे कुठे आहे?"

"ट्रे नाही सर. हाच आहे."

मागचे लोक माना उंचावून बघू लागले.

"विसरलास वाटतं," ते हळूच म्हणाले. "तुला अ आ कोणी शिकवलं?"

"तुम्ही शिकवलं सर. म्हणून पहिल्यांदा तुमच्यापुढे आणलाय."

ते उठले. काठी घेतली आणि मधल्या वाटेने बाहेर गेले. त्यांच्यामागे भाऊ, भावाची बायको. मग पूर्ण बाक. मग दुसरं. मला वाटलं, आता मागून माझी माणसं पुढे येतील. कथेत तसं होतं. इथे वस्तीतलेही अर्धेअधिक उठले आणि खाली माना घालून निघून गेले. धोंडबा माझ्या बापाबरोबर डफडं वाजवणारा म्हातारा. तो दारातून परत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पाळकसाहेब, तुमी तं बोलून मोकळे झाले. आमचे पोट्टे होस्टेलात हायेत. उद्या त्यायले हाकललं तं आमी कोठं जावं?"

उरलेल्या मूठभर लोकांना मी प्याला दिला. त्यातलेही दोघं भीतीने रडत होते.

आठ दिवसांनी नागपूरहून मोठे साहेब आले. आमच्या भागातल्या सगळ्या पाळकांचे वरिष्ठ. भला माणूस. माझ्यासारखाच वस्तीतून वर आलेला. त्यांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. झाल्या प्रकाराबद्दल मी कमिटीची आणि हेडमास्तरांची बिनशर्त माफी मागतो, असं लिहिलं होतं. खाली सहीला जागा. सही केली तर विषय संपला. नाही केली तर महिन्याच्या आत घर सोडायचं आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार काढून घेतला जाणार.

आतल्या खोलीत बायको उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुला काय वाटतं, हे तुझ्या एकट्याच्याच वाट्याला आलं? मी पण ओतलंय बाबा. दोन गावांत. आपल्यातल्या प्रत्येकानं कुठे ना कुठे ओतलंय. म्हणून तर आज आपण इथवर आलो."

हे वाक्य मला फार लागलं. हेडमास्तरांचा गिलास मला इतका लागला नव्हता. म्हणजे माझ्यामागे कोणी नाही. वरही कोणी नाही. वर बसलेला माणूसही माझ्यासारखाच, ओतत ओतत वर गेलेला.

"विचार कर," ते म्हणाले. "घाई नाही. उद्या सकाळी सांग."

"सात वर्षं विचारच केला साहेब," मी म्हटलं. "माफी मागायची आहे मला. पण जिची मागायची ती मातीत गेली. तिने दिली नाही, आता द्यायलाही ती नाही. हेडमास्तरांची कशाची मागू?"

त्यांनी पेन पुढे सरकवलं. मी ते परत त्यांच्या खिशाला लावलं. त्यांनी विचारलं, उद्यापासून खाशील काय? मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. वस्तीतले लोक बोलावतील का? तेही माहीत नव्हतं. धोंडबाच्या नातवांना होस्टेलातून काढलं तर मी काय करू शकणार होतो? काहीही नाही. हे सगळं मी कबूल केलं. एकही खोटी हिंमत दाखवली नाही.

मग एवढंच म्हणालो, "लिहून घ्या साहेब, माझा जबाब म्हणून. अधिकार तुमचा आहे, काढून घ्या. पाळक मी राहणार. आणि मी जिथे उभा असेन तिथे दोन पंगती बसणार नाहीत. बसल्या, तर मी त्या मोडीन. मोडता आल्या नाहीत, तर मी तिथे उभा राहणार नाही."