ब्रह्मगिरीवर ऐकलेली बाल्डरची गोष्ट

ऐंशी-एक्याऐंशी सालचा मे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली रात्रपाळी करून मी तसाच नाशिकरोड स्टेशनात गेलो, तर सिग्रिडबाई फलाटावर स्वतःच्याच बॅगेवर बसलेल्या. सत्तरीच्या, उंच, उन्हाने लालबुंद. नॉर्वेतल्या एका खेड्यातल्या निवृत्त शिक्षिका. माझा धाकटा भाऊ मिलिंद शाळेत असल्यापासून त्यांचा पत्रमित्र होता. त्यांच्या पत्रांत खुशाली कमी आणि तिकडच्या जुन्या देवांच्या गोष्टी जास्त असत. शहाणपणासाठी एक डोळा देणारा ओडिन (देवांचा बाप), हातोडा फेकून मारणारा थोर. मिलिंद जेवताना त्या वाचून दाखवायचा. ब्रह्मगिरी चढायला त्यानेच त्यांना बोलावलं होतं. तो गेल्याचं मी दोन ओळींत कळवलं होतं, तरी वर्षाने बाई आल्याच.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. खरं तर मला झोपायचं होतं. पण आईने भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "इतक्या लांबून आलीय. ने तिला."

त्र्यंबकची एस.टी. अर्ध्या वाटेत तापली. "पाणी आणतो, उतरा, सावलीला बसा," म्हणून ड्रायव्हर कॅन घेऊन निघून गेला. आम्ही एका आंब्याखाली बसलो. बाई वर बघत म्हणाल्या, "हे फांदीवरचं झुडूप वेगळंच आहे."

"बांडगूळ. दुसऱ्याच्या जिवावर वाढतं."

"आमच्याकडे याचा भाऊबंद आहे. त्याची गोष्ट मी मिलिंदला कधी लिहिली नाही. फार दुःखाची आहे."

त्र्यंबकला उतरताच एक पंडे आडवे आले. "नारायण नागबळी करायचाय? घरात कोणी अकाली गेलंय का?"

"आमच्यात नसतं," मी म्हणालो. आम्ही बौद्ध. त्यांनी मान हलवली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पण तो प्रश्न पायऱ्या चढताना माझ्याबरोबर आला.

ऊन डोंगराच्या दगडात मुरलेलं होतं. माझे पाय रात्रपाळ्यांनी जड झालेले, बाईंचे वयाने. बोलायला दोघांनाही दम नव्हता. एका वळणावर माकडाने बाईंच्या हातातली पेरूची पिशवी ओढली आणि कड्यावर बसून निवांत खाऊ लागलं. बाई हसायच्या सोडून मटकन खालीच बसल्या. ताक विकणारी एक म्हातारी म्हणाली, "बाय लय दमली हाय. बसू दे तिला. वरचा देव काय पळून जात नाय." तिने दोन पेले भरून दिले. मीठ जास्त होतं, बरं वाटलं.

तिथेच बाईंनी गोष्ट सांगितली. बाल्डर हा देवांमधला सगळ्यांचा लाडका. त्याची आई फ्रिग हिला त्याच्या मरणाची भीती वाटू लागली, म्हणून तिने आगीकडून, पाण्याकडून, लोखंड, दगड, झाडं, साप, सगळ्यांकडून शपथ घेतली की याला इजा करणार नाही. फक्त ते बांडगूळ कोवळं म्हणून सोडून दिलं. मग देवांना खेळच झाला. बाल्डरला उभं करायचं आणि जे हाती येईल ते फेकून मारायचं. त्याला काही होत नसे. त्याचा भाऊ होड आंधळा, म्हणून बाजूला उभा. लोकी नावाच्या कपट्याने त्याच्या हातात बांडगुळाची काडी दिली, हात धरून नेम लावला. काडी आरपार गेली.

"त्या आंधळ्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याला मारलं. सूड म्हणून."

"आणि आई? ती काय म्हणाली त्याला?"

"ते गोष्टीत नाही. तीस वर्षं शिकवली, पण हे कुणी विचारलं नाही."

मी पेला खाली ठेवला. सिन्नर फाट्यावर कुत्रं आडवं आलं, असं मी पोलिसांना, नातेवाइकांना, आईला सांगितलं होतं. मिलिंद स्कूटरवर माझ्यामागे बसला होता. "कुत्रं नव्हतं," मी म्हणालो. "पाळी करून आलो होतो. माझा डोळा लागला." माझं इंग्रजी मोडकं, पण हे वाक्य सरळ निघालं.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. आपला पेला माझ्या पेल्याशेजारी ठेवून म्हणाल्या, "शेवटी सगळं जग जळतं, देवही मरतात. मग समुद्रातून नवी हिरवी जमीन वर येते. त्यावर बाल्डर आणि होड दोघं परत येतात, शेजारी बसून बोलतात. एवढंच सांगतात आमच्याकडे."

आम्ही वरपर्यंत गेलोच नाही. गोदावरी जिथे उगम पावते ती जागा बाईंनी खालूनच पाहिली आणि "पुरे," म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. आई पिठलं ढवळत होती. बाई मोरीत तोंड धूत होत्या. मी उंबऱ्यातच उभ्याने आईला सांगून टाकलं. तिचा हात थांबला. पिठलं करपल्याचा वास आला तेव्हा तिने पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "पाहुणीला पाट मांड." जेवताना तिने बाईंना आग्रह करकरून वाढलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यानंतर आठवडाभर आई माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज भरलेला असे. मग एका सकाळी पाळी करून आलो, तर अंगणात सायकल लावतानाच ती दारात आली. खूप रडलेली दिसत होती. "मला विचारायचंय तुला," ती म्हणाली. "तो काही बोलला का शेवटी? पण आधी झोप. तुझे डोळे बघ कसे झालेत. उठलास की बसू आणि बोलू."

मी आत जाऊन आडवा झालो. वर्षभरात पहिल्यांदाच दुपारपर्यंत जाग आली नाही.