आभाळाजवळचा मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतका उंच माणूस महाड-पोलादपुरात पूर्वी झाला नाही आणि पुढेही होणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पोलादपूरच्या आठवडी बाजारात हरवलेली माणसं त्याच्या डोक्याच्या खुणेवर भेटायची. एसटीत तो कायम शेवटच्या बाकावर मधोमध बसे आणि पाय वाटेत सोडून देई. कंडक्टर ते ओलांडताना म्हणायचा, "पायांचं अर्धं तिकीट काढ रे!" चौकट कपाळाला लागली की हा चौकटीचीच माफी मागायचा. शेजारणी त्याला मागून नेत, म्हणजे खरोखरच मावशीकडे येऊन "जरा तुझा पोरगा दे गो, फणस उतरायचाय" म्हणत, आणि काम झालं की चहा पाजून परत आणून सोडत. बोलताना तो समोरच्याच्या तोंडापर्यंत वाकायचा. त्यामुळे साधं "जेवलास का?" विचारलं तरी काहीतरी गुपित सांगतोय असं वाटे.

या उंचीनेच त्याला बास्केटबॉलमध्ये नेलं. महाडच्या कॉलेजात असताना मुंबईहून आलेल्या एका कोचने त्याला हेरलं, पुढे तो मुंबईत नाव मिळवून बसला आणि एक दिवस थेट जॉर्जिया देशातल्या एका छोट्या गावाच्या क्लबकडून पगारी खेळायला गेला. आमच्या वाडीत त्याआधी कुणी आखातापलीकडे गेलेलं नव्हतं. विहारात सत्कार झाला तेव्हा हार घालायला खुर्ची आणावी लागली. तिकडून तो मावशीला व्हिडिओ कॉल करायचा तो नेमका सामना संपल्यावर, घामाघूम, मागे दाढीवाले धिप्पाड गडी टॉवेल गुंडाळून फिरत असताना. त्या सगळ्यांना ओढून आणून तो "जयभीम मावशी" म्हणायला लावी. मावशी पदर सावरून त्यांना विचारायची, "जेवलाव का रे पोरांनो?" देश कसा आहे असं मी विचारलं तर म्हणाला, "आपल्यासारखाच रे. डोंगर हाय, घाट हाय, पावसात दरडपण येते. फक्त भाकरी नाय." तिकडच्या शिव्या त्याने मनापासून शिकून घेतल्या होत्या, आणि सुट्टीवर आला की त्या आमच्या बैलांवर वापरायचा. बैलही दचकायचे.

तिसरा हंगाम सुरू होण्याआधी क्लबच्या डॉक्टरने सगळ्यांची तपासणी केली. याच्या छातीची तपासणी बराच वेळ चालली. मग डॉक्टरने त्याचा हात हातात घेऊन ती लांबलचक बोटं पाहिली, अंगठा आत घेऊन मूठ करायला लावली, टोक पलीकडून बाहेर आलेलं बघितलं आणि विचारलं, "वडील आहेत?" वडील नव्हते. तेही असेच उंच, ऐन तरुणपणी कापणी करता करता खाली बसले आणि परत उठले नाहीत. वाडी त्याला बाधा म्हणत आली होती. याच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती. हा आजार जन्माचा आणि घराण्यातला. उंची, बोटं, सगळी त्याचीच देणगी. त्याच संध्याकाळी करार संपला.

घरी येऊन तो सगळ्यांना "सुट्टी हाय" सांगत राहिला. सुट्टी फार लांबली तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर चहा पिता पिता त्याने मला खरं सांगितलं आणि वर म्हणाला, "ज्याच्यासाठी लोकांनी हार घातले ना, तो आजारच होता रे."  मुंबईत ऑपरेशन झालं, रक्तवाहिनीचा फुगलेला भाग बदलला, छातीत धातूची झडप बसली. खोली शांत असली की तिची टिकटिक ऐकू यायची. वाडीतली पोरं त्याच्या छातीला कान लावून वेळ विचारत, आणि हा गंभीरपणे काहीतरी ठोकून देई.

त्याच्या बहिणीची मुलगी तेव्हा सरसर वाढत होती. शाळेच्या संघात निवड झाली म्हणून बहिणीने पेढे आणले. याने पेढा हातातच ठेवला आणि भाचीला म्हणाला, "अंगठा आत घेऊन मूठ कर गो." तिने केली. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. त्याचा चेहरा उतरला.

"हिला मुंबईला दाखवू या," तो म्हणाला.

"तुझं गेलं म्हणून माझ्या पोरीचंपण घालवणार काय रे?" बहीण ओरडली.

त्याने पेढा परत ठेवला. पण रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहायचा. ती दार लावून घ्यायची, हा अंगणात थांबायचा. शेवटी मावशी मधे पडली. नवऱ्याची आठवण काढून ती लेकीला म्हणाली, "एक असाच बसला नि गेला. आता मला दुसरं बघायचं नाय." तपासणी झाली. भाचीला तोच आजार निघाला, पण वेळेत. गोळ्या सुरू झाल्या, खेळ बंद झाला. भाची पुढे कित्येक महिने मामाशी एक शब्द बोलली नाही. तो तिच्यासाठी गोळ्या आणून उंबऱ्यावर ठेवायचा.

गेल्या हिवाळ्यात ती रक्तवाहिनी बदललेल्या भागाच्या खाली फाटली. महाडहून मुंबईकडे नेताना गाडीतच तो गेला. तिरडीला नेहमीचे बांबू पुरेनात, पोरं पुन्हा बेटात जाऊन लांब बांबू तोडून आली. कुणाला हसू आलं नाही.

आता भाचीला तपासणीला मी नेतो. तो माझ्याहून धाकटा, पण तिच्यासाठी "मोठा मामा" तोच. या खेपेला डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीचं फुगणं थांबलंय, काळजी नको. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "तपासणी संपेपर्यंत मोठा मामा बाहेर उभाच असायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाय." माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तो खेळायचा कसा?"

मी म्हणालो, "मैदानावर मी त्याला एकदाही पाहिलं नाही गो. जाऊ जाऊ म्हणत राहिलो."

 माणगाव मागे पडलं तशी तिला झोप येऊ लागली. माझ्या खांद्यावर डोकं टेकायला तिला बाकावर बरंच खाली सरकावं लागलं. मी पाठ ताठ केली, जमेल तेवढा उंच झालो, आणि महाड येईपर्यंत तसाच बसून राहिलो.