कोरडी वाळू
धायरीत आमच्या सोसायटीसमोर बांधकाम चाललंय. तिथे वाळूवर पाणी मारलं की जो वास येतो, त्याने मला वाघोलीच्या कॉलेजचं मैदान आठवतं. मी आणि माझी मैत्रीण तिथे रोज सकाळी लांब उडीचा सराव करायचो. एकीने उडी मारायची, दुसरीने आधी खड्ड्यातली वाळू झारीने भिजवायची, हे ठरलेलं. ओल्या वाळूत टाचेची खूण जागच्या जागी राहते. निवडीच्या दिवशी दोघींतून एकीलाच संघात घेणार होते. तिच्या उडीआधी मी वाळू मनापासून भिजवली. मग ऊन चढलं. माझ्या पाळीला मी लांबूनच ओरडून विचारलं, तर म्हणाली, "अगं मारलंय पाणी, पळ तू!" मी पळाले. टाचा आदळल्या आणि मागची कोरडी वाळू भसाभस ओघळली. खूण बघता बघता, जिथून उडी घेतली त्या फळीकडे सरकली. सरांनी नियमाप्रमाणे तिथपर्यंतच मोजलं. संघात ती गेली. खड्ड्याच्या कडेला झारी काठोकाठ भरलेली होती, आणि टेपचं टोक धरून ती खाली बघत होती. आजही घरात कुणी "झालंय गं" म्हटलं, तरी मी उठून हात लावून बघते.