बोंबील बर्फातला होता

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या साली मी मोबाईलवर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे तुर्भ्याच्या कारखान्यात उमर गेली, तिथे सही केली की लिहिणं संपायचं. पण एका बोटाने अक्षर शोधत का होईना, लिहिलं. जे लिहिलं ते अजून तिथेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कोपरखैरण्यात आमच्या गावाच्या तोंडाशी एक बार आहे. मालक गावातलाच, चाळिशीचा. त्याच्या बापाबरोबर मी कबड्डी खेळलोय. दर रविवारी दुपारी मी आणि माझा दोस्त, रिटायर कंडक्टर, तिथे बसतो. भिंतीकडचं टेबल, दोघांत एक क्वार्टर आणि सोबत तळलेली मासळी. बायकोची हरकत नाही, तेवढा वेळ टीव्ही तिच्या ताब्यात असतो.

त्या साली मालकाने बार नवा केला. निळे दिवे आले, एसीची खोली आली आणि दाराबाहेर मोठा बोर्ड आला: ‘खाडीची ताजी मासळी’. आम्ही हौसेने बोंबील मागवले. ताजा बोंबील तोंडात ठेवला की विरघळतो. हा चावावा लागला. वरून रवा जाड लावलेला, आत वास. वेटरला सांगितलं, तो म्हणाला, शेठला सांगतो. पुढच्या रविवारी तेच. मग मी स्वतः गल्ल्यावर जाऊन मालकाला सांगितलं. तो फोनवर बोलत होता. हसला, माझी पाठ थोपटली आणि वेटरला ओरडला, “काकांना माझ्याकडून एक सोडा दे रे!”

मी सोडा मागितला होता का?

घरी येऊन माझी बडबड चालू. सून साताऱ्याकडची, तोंडाने सरळ. म्हणाली, “बाबा, मला ऐकवून बोंबील ताजा होणार आहे का? तिथे लिहा ना. लोक हॉटेलांबद्दल मोबाईलवर लिहितात, सगळे वाचतात.” माझा मोबाईल म्हणजे तिचाच जुना. कुठे लिहायचं ते तिने दाखवलं, बाकी माझं मी केलं. लिहिलं ते असं:

‘बोंबील बर्फातला. कालचा नाही, परवाचा पण नाही. रव्याने वास जात नाही. दारू चांगली. टेबल पुसतात. संडास साफ. बाहेर ताजी मासळी लिहिलंय ते पुसा नाहीतर ताजी द्या.’

आणि पाचातला एक तारा दिला. जेवढ्यास तेवढा.

तीन-चार दिवसांनी खाली मालकाचं उत्तर आलं. सुनेने वाचून दाखवलं. ‘आदरणीय मॅडम, आपण आमच्या हॉटेलात आल्याचे आम्हाला आठवत नाही. कृपया खोटी बदनामी करू नये.’ मोबाईल सुनेचा, तेव्हा वर नावही तिचंच राहिलेलं. ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी बारमध्ये गेलो तर मालक गल्ल्यावर चार गिऱ्हाइकांना तेच ऐकवत होता. “कोन तरी सोसायटीवाली बाई हाय. यांना फ्लॅटमध्ये बसून मासलीतला काय कलतं? घरात मॅगी खातात नि आमाला शिकवतात!”

चौघे हसले. माझ्या दोस्ताने माझी बाही ओढली. “बस गड्या. त्याला कुठं म्हाईत हाय? गप पी.”

माझ्या सुनेचं नाव असं गल्ल्यावर उडवत होते आणि मी गप प्यायची? मी उभा राहिलो.

“बाई नाय ती. मी हाय.”

मालकाने मान वळवली. “काका? तुमी?”

“मी. मोबाईल सुनेचा, तोंड माझा. तुला तोंडावर सांगितला तेव्हा सोडा पाजलास. मग लिवला.”

“अवो काका, गावचा मानूस गावच्या मानसाचा वाईट लिवतो? बाबा असते तर काय बोलले असते?”

“तुझ्या बापानं ते बोंबील बोर्डासकट रस्त्यावर फेकले असते.”

आता चौघे पुन्हा हसले, पण या खेपेला मालकाला ते लागलं. त्याचा आवाज खाली आला. “काका, मान ठेवून सांगतो. येत्या रविवारच्या आत ते काढा. नाय तर त्या टेबलावर बसू नका.”

मी टेबलावर परत आलो, ग्लास सावकाश संपवला आणि मग उठलो. दोस्त बाहेर येऊन चिडला. “म्हाताऱ्या, बोंबलापायी टेबल घालवतोस! आता मी एकटा भिंतीशी बोलू?”

“तू बस की. तुला कोण उठवतंय?”

“तुझ्याशिवाय क्वार्टर मला जास्त होते,” तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. हे मात्र मला लागलं. बारा वर्षांचं टेबल होतं ते. पण खरं लिहिलेलं पुसून परत मिळणाऱ्या खुर्चीवर बूड टेकलं नसतं माझं.

घरी आल्यावर सुनेला सांगितलं, वरचं तुझं नाव काढ, माझं घाल. तिने विचारलं, “नक्की ना, बाबा?” मी म्हटलं, नक्की. तिने घातलं.

बुधवारी मी दाढी करायला गेलो होतो. परत आलो तर घरभर पापलेटच्या कालवणाचा वास. बसलो जेवायला. दोन तुकड्या खाल्ल्या, तिसरी मागितली. म्हटलं, “आज कुटून आनली? लय दिवसांनी अशी मिलाली.”

बायको म्हणाली, “आधी जेवा.”

तेव्हाच ओळखायला हवं होतं. हात धुतल्यावर तिने सांगितलं की मालकाची बायको स्वतः येऊन देऊन गेली. आमच्या गावात भांडण मिटवायची हीच रीत. माफी कोणी मागत नाही. एका घरची मासळी दुसऱ्या घरी जाते, ती चुलीवर चढली की भांडण संपलं असं धरतात. आणि इथे तर ती माझ्या पोटात होती.

“मला न विचारता घेतलीस?”

“मग काय दारातून परत पाठवू? तुमच्या त्या मोबाईलपायी मला गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नाय. मिटवा आता.”

संध्याकाळी मालकाचा फोन आलाच. आवाजात साखर. “काका, जेवलात ना? कशी होती पापलेट?”

“एक नंबर.”

“मग ते काढताय ना?”

“लिवतो,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

चष्मा लावला, मोबाईल घेतला. जुन्यातलं एक अक्षर हलवलं नाही. खाली जोडलं: ‘याच मालकाच्या घरून आलेली पापलेट ताजी होती. एक नंबर. म्हणजे ताजी मासळी कुठे मिळते ते मालकाला माहीत आहे. गिऱ्हाइकाला तीच द्यावी.’ तारा एकच ठेवला. पापलेट घरी खाल्ली, बारमध्ये नाही.

दोस्ताने ते वाचून लगेच फोन केला. हसून हसून त्याला खोकला लागला. “खाऊन वर एकच तारा? अरे, पाप लागेल तुला!” बायकोचा राग त्या रात्री भांड्यांवर निघाला. ताट वाढलं ते आदळून. तिचं एका अर्थी बरोबर होतं. मासळी खाऊन मी रीत मोडली होती, आणि रीत मोडलेला माणूस आमच्याकडे खोटारड्यापेक्षा वाईट. पण लिहिलेलं पुसलं असतं तर मी खोटारडाच ठरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मार्केटात गेलो. टोपल्या उतरत होत्या. त्यांनी पाठवलेल्याहून मोठ्या दोन पापलेट निवडल्या आणि तडक मालकाच्या घरी गेलो. तो बनियनवर, तोंडात ब्रश, दारात आला. मी पिशवी पुढे केली.

“काका, ही कशाला?”

“तुमच्या घरची मी खाल्ली. आता माझ्या घरची तुमी खा. कल्ले उघडून बघ आधी, लाल हायत का, मग घे.”

त्याच्या तोंडाला फेस तसाच. मग त्याने ब्रश खिडकीत ठेवला, पिशवीत हात घातला आणि खरंच कल्ला उघडून बघितला.