आत माणूस हाय

जुळे सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात चादर-टॉवेलवाल्यांच्या वेबसाइट्स तो सांभाळायचा. माउसला सहसा हात लावायचा नाही. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली की त्यानंच लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, साइट चालू-बंद करायची. पण बंद करण्याआधी ती आत कुणी आहे का बघायची, आणि असलं तर स्क्रीनवर यायचं, ‘आत माणूस हाय. थांबा की.’

एकदा साहेब ओरडले, “अरे, बंद कर ना सरळ!”

त्यानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “कुणीतरी ऑर्डर भरतंय, सर. जेवत्या माणसाच्या म्होरलं ताट वडायचं व्हय?”

त्याच्या या हट्टाचा मला लई वैताग यायचा.

परवा साहेबांनी त्याला कामावरून काढलं, लगेच जा म्हणाले. त्याचं लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडे आलं. ते त्याच्याच स्क्रिप्टनं व्हायचं. तो शेजारच्या टेबलावर खाली मान घालून त्याच लॉगिननं अर्धवट राहिलेलं काम पुरं करत होता. मी ओळ टाइप केली.

‘आत माणूस हाय. थांबा की.’

“झालं का?” साहेबांनी दारातून विचारलं.

मी हात मांडीवर ठेवले.