जांभळी सावली

गल्लीतले लोक पेंटरला गवंड्याच्या सरळ लोंबणाऱ्या दोरीवरून 'ओळंबा' म्हणत, आणि ते नाव त्याला मनापासून आवडायचं. दुकानाच्या पाटीवर त्याने ओढलेली रेघ कधी तसूभर हलली नाही आणि दुसऱ्याची हललेली रेघ त्याने कधी सोडली नाही. नव्या औषधांच्या दुकानाची पाटी बघून तो भर रस्त्यात म्हणाला होता, "अक्षरं आहेत की आजाऱ्यांची रांग?" असा हा फटकळ माणूस. त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

बायकोपासून काय लपणार? दिव्याच्या खांबाला तो "जरा सरका" म्हणाला, तेव्हाच ती समजली. डॉक्टरचं नाव काढलं की हा अंगावर येई. दोन वर्षं त्याने असंच रेटलं. दोरीला खडूची भुकटी चोळायची, पाटीवर ताणून टणकन सोडायची, उमटलेल्या रेघेला नाक लावून ब्रश न्यायचा. रंगांचे डबे फळीवर ठरलेल्या जागी होते. काम हात करत होते, डोळे नावालाच होते. शेवटी एकदा शिडीवरून पाय घसरला, आणि बायकोने ऑपरेशनची तारीख परस्पर ठरवून टाकली.

दोन्ही डोळे झाले. जग कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. त्याने बायकोकडे निरखून बघितलं.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा," ती म्हणाली.

दोघं हसली खरी, पण पेंटरची नजर खिडकीतून गल्लीकडे गेली. या दोन वर्षांत त्याने गल्लीतल्या कितीतरी पाट्या रंगवल्या होत्या. त्या कशा झाल्या असतील? त्याहून वाईट म्हणजे, बिचाऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून लोकांनी गुपचूप टांगून घेतल्या असतील तर? चूक त्याने सोसली असती. कीव सोसणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो उंबरा ओलांडेना, तसा बायकोने त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

पहिली बेकरी. तिची गोलमटोल अक्षरं भट्टीतून फुगून आल्यासारखी हवी होती, आणि ती तशीच होती. रेघ सरळ. पुढे सायकलवाल्याची पाटी. अक्षरं वाऱ्यावर स्वार झाल्यासारखी पुढे झुकलेली, पण एकही पडत नव्हतं. मग चष्म्याचं दुकान. तिथे बायकोला हसू आवरेना. "न दिसणाऱ्याने चष्म्याची पाटी रंगवली, आणि दुकान चाललं की हो!" पेंटरचा श्वास जरा मोकळा झाला. त्याची चालही बदलली.

आणि शिंप्याच्या दुकानासमोर तो थिजला. पाटीवरच्या अक्षरांना सावली द्यायला त्याने राखाडी रंग स्वतः कालवला होता. डोळ्यांतल्या पिवळट पडद्यामुळे तो त्याला मळका दिसत होता, म्हणून तो निळा घालत गेला, वर लाल. राखाडी कसली, धडधडीत जांभळी सावली! अख्ख्या रस्त्यात तेवढीच पाटी ओरडत होती.

बायको नको नको म्हणत असताना तो तडक आत गेला. "मला दिसत नव्हतं," तो शिंप्याला एका दमात म्हणाला. "पाटी बिघडली. उद्या फुकट करून देतो."

शिंप्याने मशीन थांबवलं. "दिसत नव्हतं ते सगळ्यांना माहीत होतं, पेंटर. तुम्ही आरशाकडे पाठ करून 'सदरा झकास बसलाय' म्हणाला होतात."

पेंटरचे कान तापले. "म्हणजे कीव केलीत माझी."

"मी?" शिंपी टोचलेल्यासारखा उठला. "अहो, मी सख्ख्या मेव्हण्याला तुटलेलं बटण फुकट लावून दिलेलं नाही! मी कीव करीन?"

पेंटरने विचार केला. गोष्ट खरी होती. शिंपी दिलेली टाचणीसुद्धा परत मागणारा माणूस. त्याच्या हातून दया होणं शक्यच नव्हतं.

"गिऱ्हाईकं 'जांभळ्या सावलीवाला शिंपी कुठे' म्हणून विचारत येतात," शिंपी पुढे म्हणाला. "पाटीला हात लावाल तर याद राखा. उलट दारावर तसंच नाव हवंय. पण आता डोळे सुधारलेत तुमचे. तो रंग पुन्हा जमेल का, याचीच मला काळजी."

पेंटर मटकन स्टुलावर बसला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं तसे त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत. बायकोने पदर पुढे केला.

"जमेल," तो नाक पुसत म्हणाला. "पहिला मी बघितला नव्हता. हा बघत बघत कालवीन."