बसायला छान कट्टा
नातीने काल बैठकीच्या खोलीत नव्या तातामी चटया घालून घेतल्या आणि त्या ओल्या गवतासारख्या वासाने माझे कान पुन्हा गरम झाले. टोकियोतलं भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं म्हणून मी आणि हे तरुणपणी दर रविवारी जवळच्या चिबाच्या किनाऱ्यावरची गावं पालथी घालायचो. मी बाईसाहेब प्रत्येक गावात पूर्वेचं दार आणि कोथिंबीर शोधायच्या, आणि तोरा असा की जपान आता मला पुरतं कळलंय. एका कोळ्यांच्या गावातलं, अंगणात संत्र्याचं झाड असलेलं घर मनात भरलं. मालकीणबाई एकट्या होत्या. त्या माणसं पारखूनच घर देणार, असं एजंटने बजावलं होतं. त्या चहा आणायला गेल्या. बैठकीच्या खोलीत, माणूस मावेल एवढ्या कोनाड्यात एक बुटका लाकडी कट्टा होता, वर टांगलेलं चित्र, खाली एकच फूल. "बसायला काय छान सोय केलीय!" म्हणत मी फुलदाणी सरकवली आणि पाय पसरून ऐसपैस बसले. एजंट पांढराफटक पडला. "अगं ऊठ!" हे दबक्या आवाजात ओरडले, "ती घरातली सगळ्यात मानाची जागा, तिथे कुणी बसत नाही! त्यांच्या देवघरातच बसलीस म्हण ना!" तेवढ्यात बाई आल्या, ट्रे खाली ठेवला आणि गुडघे टेकून माझ्यासमोर वाकल्या, अगदी मूर्तीपुढे वाकावं तशा. घर हातचं गेलं, असंच आम्ही धरून चाललो. पण त्यांनी ते आम्हालाच दिलं. किल्ली घेऊन आत आलो, तर चित्र, फुलदाणी, सगळं नेलेलं, आणि कट्ट्यासमोर चटईवर फक्त एक जाडजूड आसन मांडून ठेवलेलं. मानाच्या पाहुण्याने कट्ट्यावर नाही, कट्ट्यासमोर बसायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आता गुडघे कुरकुरतात, नात "आजी, खुर्ची घे ना" म्हणते. पण त्या खोलीत मी त्या आसनावरच बसते, मुकाट्याने.